वर्षाचं धान्य थेट शेतकऱ्याकडून: पंधरा घरांचा गट कसा चालवावा

पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या बावीस घरांनी मिळून आठ क्विंटल ज्वारी मागवली. टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि नऊ घरांनी हात वर केले. कुणाच्या सासूबाईंनी गावाहून आधीच गहू आणला होता, कुणाकडे लग्न निघालं होतं, एकाला कोपऱ्यावरच्या दुकानात किलोमागे तीन रुपयांनी स्वस्त मिळाली होती. उरलेली साडेतीन क्विंटल ज्वारी पुढचे चार महिने माझ्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी मुक्कामाला होती. पाहुणे आले की तिच्यावर चादर टाकायची.

शेतकरी अण्णांना पूर्ण पैसे त्याच दिवशी दिले, निम्मे माझ्या खिशातून. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. माल चोख होता, वजन पक्कं होतं. दोष आमच्या वहीत होता. तिच्यात बावीस नावं होती आणि एकाचाही पैसा जमा नव्हता. 'हो, हो, आमचं वीस किलो धरा' यापलीकडे कुणाचं काही अडकलेलं नव्हतं.

त्यानंतर गट बारा घरांवर आला, मग पंधरांवर स्थिरावला. आता तो बिनबोभाट चालतो. कसा, ते सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाका

'मधला दलाल काढला की आपल्याला निम्म्यात आणि शेतकऱ्याला दुप्पट' असं म्हणून गट सुरू झाला, तर तो पहिल्याच हंगामात मोडतो. धान्य-कडधान्यात एवढी फट नसतेच. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात. डाळींचं चित्र वेगळं आहे: हरभऱ्यात सुमारे ७५, मुगात ७० आणि तुरीत ६५ पैसे. म्हणजे तुरीच्या रुपयातले ३५ पैसे मधे जातात, आणि त्यातही भरडाई, बारदान, वाहतूक, घट, साठवणीचं भाडं हे खरे खर्च आहेत. ते तुम्हालाही करावेच लागतील.

मग भाजीपासून का सुरू करू नये? तिथे तर फट मोठी आहे. ती मोठी असण्याचं एक कारण मालाची नासाडी आणि रोजची धावपळ हेच आहे. मंगळवारी पाऊस आला म्हणून तीन घरांनी पालक उचलला नाही, तर बुधवारी तो कचऱ्यात जातो. तूरडाळ आठवडाभर थांबते, चिडत नाही. नव्या गटाने शिकायचं ते थांबणाऱ्या मालावर.

मिळतं काय, तर कोणत्या वाणाचं, कोणत्या रानातलं, कधी काढलेलं धान्य आपण खातो ते कळतं. डाळीला पॉलिश नसतं. शेतकऱ्याला बाजारापेक्षा थोडा जास्त भाव मिळतो आणि तो आधी माहीत असतो. तुम्हाला दुकानाइतक्याच किंवा किंचित कमी-जास्त पैशांत बरा माल मिळतो. एवढ्यावर समाधान असेल तरच पुढे वाचा.

काय घ्यायचं

पहिल्या वर्षी दोन वस्तू, फार तर तीन. आमची निवड तूरडाळ, ज्वारी आणि तांदूळ. तिन्ही महाराष्ट्रात मुबलक पिकतात, वर्षभर लागतात आणि तिन्हींची काढणी वेगवेगळ्या वेळी येत असल्यामुळे पैशांचा ताण एका महिन्यावर पडत नाही.

तांदूळ दिवाळीच्या आगेमागे निघतो. मावळातला इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये आलेला वाण. त्याचा वास आणि चिकटपणा आजोळच्या, म्हणजे आंबेमोहोर, भाताकडून आला. नवा तांदूळ मऊ, गिचका होतो, म्हणून ज्यांना मोकळा भात हवा त्यांनी तो सहा महिने मुरवून खायचा. हे गटात आधीच सांगा, नाहीतर नोव्हेंबरात 'तुमच्या तांदळाची खीर झाली' असा निरोप येतो. मला आला होता.

तूर डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. ज्वारी, म्हणजे रब्बीची, फेब्रुवारी-मार्चमध्ये. सोलापूर भागातली मालदांडी ही दाणेदार, पांढरीशुभ्र, भाकरी चवदार होणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला, आजऱ्याच्या घनसाळला, मुळशीच्या आंबेमोहोराला आणि नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने विकलं जाणारं प्रत्येक पोतं त्या गावचं असतंच असं मात्र धरू नका. शेत बघितल्याशिवाय नावाचे जास्तीचे पैसे मोजू नयेत.

गहू आम्ही मुद्दाम घेत नाही. पुण्या-मुंबईत खपणारा बराचसा गहू मध्य प्रदेशातला असतो, आणि इथला शोधून आणण्याइतका फरक आमच्या जिभेला कळला नाही. खपली गव्हाची गोष्ट वेगळी. सांगली-सातारा-कोल्हापूरकडे ओळखीचा शेतकरी असेल तर जरूर घ्या. फक्त त्याचं टरफल काढून मिळणार का, ते आधी विचारा. तेल पहिल्या दोन वर्षांत नको. घाण्याचं तेल भेसळीच्या वादात अडकलं की गटातली मैत्री जाते.

ज्वारीबद्दल थोडं जास्त

गटात नेहमी कुणीतरी म्हणतं, 'ज्वारी कशाला, आम्ही पोळ्या खातो.' मी तरी ज्वारी यादीतून काढू देत नाही. कारण चवीपलीकडचं आहे. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाने रानात राहिलेल्या ओलीवर येते. काळ्या भारी जमिनीत एकही पाणी न देता ती पिकते. धान्याइतकाच तिचा कडबा मोलाचा: तो जनावरांना, जनावरांचं शेण रानाला. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की दावणीची बैलजोडी आणि गाय जाते, आणि मग शेणखत विकत आणावं लागतं.

आणि ज्वारी जाते कशामुळे? भावामुळे जाते, मजुरीमुळेही जाते. रब्बीची ज्वारी अनेक ठिकाणी अजून हाताने उपटतात. ऐन फेब्रुवारीच्या उन्हात वाकून धाटं उपटायला माणूस मिळत नाही. मग ज्याच्याकडे थोडंसं पाणी आहे तो ऊस लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला कारखाना हमखास घेणार, ज्वारीला कोण? या प्रश्नाला 'पंधरा घरं' हे छोटंसं उत्तर आहे. त्यामुळे ज्वारीच्या भावात घासाघीस करायची नाही, हा आमच्या गटाचा पहिला नियम.

घरं जमवणं

दहापेक्षा कमी घरं असली तर गाडीभाडं परवडत नाही. वीसच्या वर गेली तर हिशेब ठेवणाऱ्याचा संसार बिघडतो. बारा ते पंधरा ठीक. एकाच इमारतीतली किंवा चालत जाण्याच्या अंतरातली असावीत.

मागणी अशी घ्या. 'तुम्हाला किती हवं' असं विचारू नका. लोक हौसेने सांगतात. 'महिन्याला किती लागतं' असं विचारा आणि बाराने गुणा. मग त्यातलं पाऊणच मागवा. चार माणसांच्या आमच्या घराला महिन्याला दोन किलो तूरडाळ लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. आम्ही अठरा-वीस घेतो. कमी पडलं तर दुकान आहेच. जास्त झालं तर पोरकिडे आहेत.

आणि मागणी नोंदवताना एक तृतीयांश रक्कम जमा. पैसे आले की नाव वहीत; नाही आले तर नाव नाही. इथे भीड चालत नाही. माझ्या सख्ख्या नणंदेचं नाव एका वर्षी राहून गेलं, ती आजही ते काढते.

तीन कामं तीन माणसांना वाटून द्या: एकजण हिशेब, एकजण शेतकऱ्याशी बोलणं, एकजण वाटपाची जागा आणि तराजू. शेतकऱ्याशी बोलणारा माणूस एकच असावा. पंधराजणांनी 'अण्णा, आमची ज्वारी कुठवर आली?' असं विचारायला सुरुवात केली की अण्णा फोन उचलणं बंद करतात, आणि ते बरोबरच करतात.

शेतकरी कसा गाठायचा

सगळ्यात भरवशाचा रस्ता गटातल्या कुणाच्या तरी गावाचा. चुलतभाऊ, मामा, जुना शेजारी. ओळखीची लाज दोन्ही बाजूंना असते आणि ती कागदापेक्षा घट्ट धरून ठेवते. तसं कुणी नसेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र, जिल्ह्याचं 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालय किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. शहरांत धान्य महोत्सव, तांदूळ महोत्सव भरतात. तिथे खरेदी करू नका, फक्त बोला आणि नंबर घ्या. स्टॉलवर बसलेला माणूस स्वतः पिकवतो की गोळा करून आणतो, हे दोन प्रश्नांत कळतं: 'पेरणी कोणत्या नक्षत्रावर केली?' आणि 'मागच्या पिकाला काय होतं?'

मग शेत बघायला जा. पीक उभं असताना, काढणीनंतर नाही. दोघंतिघं पुरे, सहलीसारखी बस भरून नेली तर वहिनींना पंचवीस माणसांचा स्वयंपाक पडतो.

बघायचं काय? बांधावर झाडं आहेत का, दावणीला जनावरं आहेत का, उकिरडा आहे का. तुरीत सोयाबीन, मूग किंवा उडीद यांपैकी काही आंतरपीक होतं का. 'तुमचं सेंद्रिय आहे का?' हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी विचारा, 'फुलोऱ्यात घाटेअळी आली तेव्हा काय मारलं?' एका दादांनी सरळ सांगितलं, 'ताई, दोन फवारण्या केल्या. निंबोळी अर्काने भागलं नाही, मग औषध मारलं. नाहीतर तुम्हाला डाळ मिळाली नसती आणि मला पैसे.' आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. खरं सांगणाऱ्याची दोन फवारण्यांची तूर मला खोट्या सेंद्रियापेक्षा बरी वाटते.

प्रमाणपत्र हवंच असेल तर दोन प्रकार आहेत. एक त्रयस्थ संस्थेचं, खर्चिक, निर्यातीला लागणारं. दुसरं शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून देण्याचं, सहभाग हमी पद्धतीचं. 'पीजीएस' म्हणून ते ओळखलं जातं. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल, तर सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांत त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजे कागद नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही, आणि कागद आहे म्हणून तपासणं सोडायचं नाही.

भाव

सगळे गट इथेच फसतात, म्हणून सावकाश.

काढणीनंतर भाव ठरवायचा नाही. तेव्हा बाजार पडलेला असेल तर तुमच्या मनात मोह येतो, चढलेला असेल तर शेतकऱ्याच्या. भावाचा नियम पेरणीच्या वेळी ठरवा. आकडा नको, नियम ठरवा.

आमचा असा आहे. तळ म्हणजे हमीभाव. त्याच्या खाली काही झालं तरी जायचं नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. हा पेरणीच्या आधीच कळतो, म्हणून धरायला सोपा. मात्र तो पुरेसा आहे असं समजू नका: तो काढताना प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांची मजुरी धरतात आणि त्याच्या दीडपट करतात, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज त्यात नसतं.

तळाच्या वर बाजार. काढणीच्या पंधरवड्यात जवळच्या बाजार समितीचा 'सर्वसाधारण' भाव बघायचा. रोजच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे येतात. कमाल भाव एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला असतो, त्यावरून वाद घालू नका. तुरीला लातूर, अकोला. ज्वारीला सोलापूर, बार्शी. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर हे भाव दिसतात. हमीभाव आणि हा सर्वसाधारण भाव यांतला जो जास्त, त्यावर दहा टक्के. झाला आमचा भाव.

दहा टक्के कशाचे? बाजार समितीत शेतकरी गाडीभर माल एकदम ओततो, हमाली-तोलाई देतो, संध्याकाळी हिशेबाची पट्टी घेऊन मोकळा होतो. आमच्यासाठी त्याला माल वेगळा ठेवावा लागतो, दोनदा चाळावा लागतो, भरडून आणावा लागतो, आमचे फोन घ्यावे लागतात. त्या खटाटोपाची ही मजुरी आहे; दान नव्हे.

आता तुरीचा हिशेब. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला. एक क्विंटल तूर ८,००० आणि वरचे दहा टक्के ८००, म्हणजे शेतकऱ्याला ८,८००. भरडाई ८००. पोती, हमाली १५०. गाडीभाड्याचा वाटा २००. बेरीज ९,९५०. शंभर किलो तुरीतून डाळ शंभर किलो निघत नाही, हे पहिल्या वर्षी आमच्यातल्या एका इंजिनिअरला पटवायला अर्धा तास लागला. छोट्या मिलवर साधारण ७० ते ७५ किलो निघते. आपण ७२ धरू. ९,९५० भागिले ७२, म्हणजे किलोला १३८ रुपये. चुणी आणि टरफलं शेतकऱ्याच्या जनावरांना. त्यांचे पैसे कापायचे नाहीत.

यात ग्राहकाच्या रुपयातले ८८ पैसे शेतकऱ्याकडे गेले. ६५ आणि ८८ मधला फरक बघून छाती फुगते. पण जरा थांबा. या हिशेबात माझी मजुरी शून्य आहे, वाटपाच्या दिवशी तराजू धरणाऱ्या शेजाऱ्याची शून्य आहे, पार्किंगमधल्या जागेचं भाडं शून्य आहे, आणि जूनपासून अडकलेल्या पैशाचं व्याजही शून्य. व्यापारी हे सगळं धरतो. तो चोर आहे म्हणून स्वस्त पडतंय असं नाही; त्याचं काम आपण फुकट करतोय म्हणून पडतंय. हे ज्यांना कळतं ते गटात टिकतात.

उचल आणि कागद

पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला रोकड लागते. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं. ती नसेल तर कृषी सेवा केंद्राची उधारी होते किंवा व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते, आणि ज्याची उचल त्याच्या दारात माल जातो. मग काढणी झाल्या झाल्या, भाव सगळ्यात पडलेला असताना, विकावंच लागतं. तुम्ही कितीही चांगला भाव द्या. पैसे जर फेब्रुवारीत देणार असाल आणि उधारी जूनची असेल, तर तुमचा भाव त्याच्या उपयोगाचा नाही.

म्हणून घरांकडून जमा केलेली एक तृतीयांश रक्कम तुरीसाठी जूनमध्ये, ज्वारीसाठी सप्टेंबरमध्ये शेतकऱ्याच्या खात्यावर. एक तृतीयांश काढणी झाल्यावर. उरलेली माल उतरल्यावर त्याच दिवशी, टेम्पोचं फाळकं लावायच्या आत.

एका पानाची टाचण करा. कोण, काय, किती, भावाचा नियम, दिलेली उचल, माल कधीपर्यंत, आणि पीक बुडालं तर काय. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे असं आहे: पीक पूर्ण गेलं तर निम्मी उचल गटाने सोडायची, निम्मी पुढच्या हंगामात वळती. निम्मं पीक आलं तर जे आलं ते सगळं गटाचं, आणि घरांना त्या प्रमाणात कमी. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहक आणि शेतकऱ्यांनी 'तेइकेई' नावाची अशीच पद्धत बांधली. ठरवून पिकवलेला सगळा माल ग्राहकांनी उचलायचा, हे तिथलं एक तत्त्व. आम्ही ते वाचून केलं नाही, सोफ्याशेजारच्या ज्वारीने शिकवलं.

काढणी, नमुना, भरडाई

माल येण्याआधी दोन किलो नमुना मागवा आणि तोच एका बरणीत चिठ्ठी लावून ठेवा. पुढे वाद झालाच तर ती बरणी बोलते. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. ज्वारी, तांदळात बारा टक्क्यांच्या आत आणि डाळीत दहाच्या आसपास ओलावा असला की साठवण सुरक्षित. ओलावा मोजायचं यंत्र गावातल्या खरेदी केंद्रावर किंवा उत्पादक कंपनीकडे असतं. ते नसेल तर तीन कडक उन्हं आणि दात.

तूर आख्खी आणून ठेवू नका. कडधान्याचे भुंगेरे आख्ख्या दाण्यावर अंडी घालतात; भरडलेल्या डाळीला त्यांचा उपद्रव फारच कमी. म्हणजे तूर निघाली की लवकर भरडून घ्यावी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आता अनेक गावांत बचत गटांकडे आणि तरुणांकडे आहे. तूर तेल-पाणी लावून, मुरवून, उन्हात वाळवून मग भरडतात. या कामाला आठवडाभर तरी लागतो आणि मधेच आभाळ आलं तर जास्त. तारीख ठरवताना हे धरा.

घरी येणारी डाळ दुकानातल्यासारखी चकाकत नाही. जरा मळकट, कुठे सालीचा कण, कुठे तुकडा. शिजायला मात्र लवकर, आणि वरणाला वास असतो. पहिल्या वर्षी डाळ बघून दोघींनी नाक मुरडलं. मी त्यांना काही बोलले नाही, दुपारी एकेक वाटी वरण पाठवलं.

गाडी आणि वाटप

पंधरा घरांची तीनशे किलो डाळ आणि सहाशे किलो ज्वारी म्हणजे जवळपास टनभर माल. छोट्या हत्तीला जड, पिकअपला बेताचा. दोन्ही माल एकाच फेरीत आणायचे असतील तर डाळ शेतकऱ्याच्या घरी मार्चपर्यंत थांबवा. एकेका घराला पाच-पाच किलोची पार्सलं कुरिअरने मागवणारे गट मी पाहिलेत. त्यांत धान्यापेक्षा भाडं जड होतं, आणि 'स्थानिक अन्न' म्हणून जे डिझेल वाचवायला निघालो ते दुप्पट जळतं. परतीची रिकामी गाडी मिळाली तर उत्तम. बाजार समितीत माल टाकून शहरातून परत जाणाऱ्या गाड्या नव्हेत, गावाहून शहरात रिकाम्या येणाऱ्या. त्या लग्नसराईत मिळत नाहीत.

तीस किलोचे कट्टे सांगा, पन्नासची पोती नकोत. लिफ्ट बंद असते तेव्हा याचं महत्त्व कळतं.

वाटपाच्या दिवशी आधी एकूण वजन करा. गावाकडचं वजन आणि इथलं यांत किलो-दोन किलोचा फरक येतोच. सांडलवंड, वाळवण, काट्याचा फरक. त्यासाठी शेतकऱ्याला फोन करायचा नाही. आम्ही सुरुवातीलाच दीड टक्का घट धरून भाव लावतो. उरलं तर शेवटी सगळ्यांना मूठमूठ, किंवा इमारतीच्या वॉचमन काकांना.

घरात आल्यावर

दोन दिवस कडक ऊन द्या, मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य डब्यात भरलं की झाकणाला घाम सुटतो आणि तिथून बुरशी. तांदळाला मात्र ऊन देऊ नका, दाणे तडकून कणी होते. तो सावलीतच पसरा.

पत्र्याची कोठी धुऊन, वाळवून, तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला. हिरवा नको, तोच ओल आणतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात: दहा किलोला दोन-तीन चमचे, परातीत चोळून. महिन्याचं लागेल तेवढं वेगळ्या डब्यात काढा आणि मोठी कोठी सारखी उघडू नका. जागा असेल तर दोन-दोन किलोच्या पिशव्या आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग भरा, अंडी मरतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, सगळ्यांनी एकदा कोठ्या उघडून बघायच्या, असा आमच्या गटात निरोप जातो.

बोरिक पावडर जुन्या सवयीने अजून लावतात. ती खाण्याची वस्तू नाही, टाळा. आणि धान्याच्या दुकानात मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कधीही, कुठल्याही कारणाने ठेवू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो.

कायदा आणि कर, थोडक्यात

आपापल्यासाठी मिळून घेतलं आणि वर नफा ठेवला नाही, तर ती खरेदीच आहे, दुकान नव्हे. शेजारच्या सोसायट्यांना विकायला लागलात की अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य-डाळींच्या पाकिटांवर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. सुंदर छापील पिशव्यांची हौस करण्याआधी हे आठवा. फळं-भाज्या महाराष्ट्राने २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या, त्यामुळे पुढे भाजीकडे वळलात तर शेतकऱ्याला समितीच्या आवाराबाहेर तुम्हाला थेट विकता येतं.

हिशेबाचं पान वाटपानंतर आठ दिवसांत सगळ्यांना पाठवा. गाडीभाड्याच्या पावतीच्या फोटोसकट. कुणी मागत नाही, तरी पाठवा.

वाईट वर्ष

ते येतंच. एका वर्षी तूर ऐन फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आठवडाभर टिकली, फुलं गळाली, मग मर रोगाने वाफेच्या वाफे वाळले. दादांचा फोन आला: 'ताई, तुमच्या पाच क्विंटलातली दोन होईल. बाजारात भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलाय. गावातला व्यापारी दारात बसलाय.' त्यांना सांगितलं, आपला नियम आहे ना, बाजारभावावर दहा टक्के. दोन क्विंटल आमची. पंधरा घरांना नऊ-नऊ, दहा-दहा किलो डाळ आली आणि महाग आली. तिघांनी कुरकुर केली, एक घर बाहेर पडलं. त्या घराची जागा आठ दिवसांत भरली.

पुढच्या जूनमध्ये उचल द्यायला फोन केला तर दादा म्हणाले, 'या वर्षी पैसे थोडे कमी पाठवा, मागची वळती आहे.' मी वही काढून बघितली. खरंच होती, मी विसरले होते.

तुम्ही या वर्षी सुरुवात करणार असाल तर घरं एप्रिलमध्ये जमवा, शेतकरी मेमध्ये गाठा आणि उचल मृगाच्या आत पोचवा. पाऊस पडल्यावर फोन केलात तर ते रानात असतील.